"ताई, कुठे धरू?" एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे. जागेअभावी कापलंत तरी माझी हरकत नाही, फक्त जिन्याचा आणि आडवं झोपवण्याचा भाग तेवढा ठेवा, कारण तो भाग वाचून कुणाचा तरी जीव वाचू शकतो असं मला मनापासून वाटतं.

मी पुण्यात सिंहगड रोडला एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर राहते, सोबत आई. अकरा वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात पाठीचा कणा मोडला, लेव्हल टी फोर, म्हणजे छातीच्या खाली मला काही कळत नाही, स्पर्श नाही, गरम गार नाही, दुखलं खुपलं तर तेही नाही. बाकी सगळं चालू आहे. स्वयंपाक करते, घरून अकाउंट्सची कामं करते, माझी हाताने ढकलायची व्हीलचेअर आहे तिच्यावर बाजारात जाते. फक्त जिना माझ्या हातात नाही. लिफ्ट बंद पडली की मी वरची वरच.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन चारपाच दिवस झाले असतील, रात्री दीडच्या सुमाराला खाली मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं आणि धूर डक्टमधून आणि जिन्यातून वर यायला लागला. वॉचमनने मेन बंद केलं तशी लिफ्ट पण बंद. लोक पोराबाळांना घेऊन धडाधड खाली उतरले, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. शेजारच्या वहिनी मात्र गेल्या नाहीत, ओला टॉवेल दाराच्या फटीत लावून माझ्या पलंगाशी बसून राहिल्या. आईला आम्ही दोघींनी जबरदस्ती खाली पाठवलं. फायर ब्रिगेडचे लोक फोन केल्यापासून वीसेक मिनिटांत आमच्या दारात होते, अंधारात, धुरात, पाठीवर तो जड सिलिंडर घेऊन पाच मजले चढून. हे आधी सांगते कारण पुढचं वाचून कुणाला मी त्यांच्याबद्दल तक्रार करतेय असं वाटू नये.

दोघं आत आले. त्यातला धिप्पाड होता त्याने मी पलंगावर बसलेली बघितली, "चला ताई" म्हणाला आणि मी तोंड उघडायच्या आत मला उचलून खांद्यावर टाकलं, पोतं टाकतात तसं, डोकं खाली पाठीकडे आणि पाय पुढे. धडधाकट माणसाला ते चालतं. माझ्या पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू काम करत नाहीत, मी श्वास घेते तो निव्वळ पोटाच्या वरच्या पडद्यावर, आणि नेमकं तिथेच त्याच्या खांद्याचं हाड. मला ओरडताच येईना. रात्रीची युरिनची पिशवी पलंगाला अडकवलेली असते, वहिनींनी ती सोडवून माझ्या अंगावर टाकली म्हणून नळी उपटली नाही एवढंच. वळणावर कठड्याला काहीतरी खाडकन लागलं, तो माझा डावा पाय होता, हे मला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, पाय सुजून भोपळ्यासारखा झाल्यावर. नडगीचं हाड मोडलं होतं. आमच्यासारख्यांच्या पायांची हाडं वापर नसल्याने ठिसूळ होतात, फार जोर लागत नाही मोडायला, आणि मोडलं तरी आम्ही "आई गं" म्हणत नाही कारण आम्हाला कळतच नाही.

खाली आणल्यावर अँब्युलन्स उभी होती. तिथे मला स्ट्रेचरवर सरळ उताणं झोपवलं आणि पट्टे बांधले. दोन मिनिटांत डोकं असं ठणकायला लागलं की कवटी फुटेल, चेहरा आणि मान लालबुंद, कपाळावरून घाम, आणि खालचं अंग गार. मला हे ठाऊक होतं, याआधी दोनदा झालंय. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. पाठीच्या कण्याला छातीच्या वरच्या अर्ध्यात, साधारण टी सिक्सच्या वर मार लागलेला असेल तर खालच्या अंगात काहीही बिनसलं, लघवी तुंबली, नळी पिळली गेली, नख टोचलं, कपडा आवळला, तर शरीर त्याची खबर मेंदूला नीट देऊ शकत नाही आणि बीपी एकदम चढत सुटतं. मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. उपाय पहिल्या पाच मिनिटांचा आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही, माणसाला उठवून बसतं करायचं, पाय खाली सोडायचे, कपडे पट्टे सैल करायचे, आणि काय अडकलंय ते शोधायचं, नळीपासून सुरुवात करून. आडवं झोपवणं म्हणजे चढत्या बीपीला हातभार.

मी सांगत होते, "मला बसवा, मला बसवा." तिथला माणूस चांगल्या मनाने माझा हात धरून म्हणत होता, "घाबरू नका ताई, पडून राहा, काही नाही होत." मशीनवर १९० बाय ११० आलं तेव्हा तो म्हणाला भीतीने वाढलंय. माझं रोजचं बीपी १०० बाय ६० असतं. शेवटी वहिनी आत चढल्या, त्यांनीच पट्टे काढले, मला ओढून बसतं केलं, मी मांडीखाली हात घालून बघितलं तर नळी माझ्याच वजनाखाली दुमडलेली. ती सरळ केली, पिशवीत लघवी उतरली, आणि दहा मिनिटांत डोकं शांत. वहिनी बारावी शिकलेल्या आहेत, मेडिकलचा काही संबंध नाही. त्यांना मी एकदा चहा पिता पिता हे सगळं सांगून ठेवलं होतं, एवढाच फरक.

आणि माझी खुर्ची राहिली वर. पहाटेपर्यंत मी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, एका बाजूने वहिनी आणि एका बाजूने आई टेकू देऊन बसलेल्या, कारण मला तोल धरता येत नाही. खाली माझं कुशन नव्हतं. सकाळी बैठकीच्या जागी लाल चट्टा, त्याची जखम व्हायला वेळ लागला नाही, पाय प्लास्टरमध्ये आणि वरून हे, सात आठवडे मी पलंगावर पालथी आणि कुशीवर. खुर्ची म्हणजे सामान नाही हो, लोकांना वाटतं माणूस वाचला ना, खुर्ची काय नंतर आणू, पण खुर्चीशिवाय मी शौचालयाला जाऊ शकत नाही, पाणी घेऊ शकत नाही, मी नुसती एका जागी ठेवलेली असते.

त्या जवानावर माझा राग नाही. बरी झाल्यावर मी आमच्या भागातल्या अग्निशमन केंद्रात गेले ती भांडायला नाही. तिथल्या साहेबांना म्हटलं मला एक सकाळ द्या, मी आणि माझी खुर्ची येतो, तुमच्या लोकांनी आम्हाला उचलून बघावं. त्यांनी एका मिनिटात हो म्हटलं. मला वाटलं होतं अर्ज करा, वरून परवानगी आणा असं होईल, तसं काही झालं नाही हे मुद्दाम लिहिते.

सातआठ जण होते. पहिल्यांदा मी काही न सांगता म्हटलं, मला खुर्चीसकट उचला. दोघांनी आपसूक हात घातले आर्मरेस्टला, आणि दोन्ही आर्मरेस्ट त्यांच्या हातात निघून आले, कारण ते निघायसाठीच बनवलेले असतात. पुढच्याने फूटरेस्ट धरलं, ते फिरलं आणि बाजूला झालं. एकाने मागचं चाक धरलं, त्याचा अंगठा मधल्या बटणावर पडला आणि चाक सुटायच्या बेतात, ते क्विक रिलीज असतं, गाडीच्या डिकीत टाकता यावं म्हणून. सगळे गप्प झाले. एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे जिन्यात ताई पडल्याच असत्या." मग आम्ही बसून एकेक भाग बघितला. खुर्ची धरायची ती फक्त न निघणाऱ्या फ्रेमला, सीटच्या खाली जे पाइप वेल्ड केलेले असतात तिथे, आणि मागे ढकलायच्या हँडलला, पण हँडलचं रबर आधी ओढून बघायचं, जुनं झालं की तेही हातात येतं. मागे उलटू नये म्हणून छोटी चाकं असतील तर ती काढायची किंवा वर फिरवायची नाहीतर पायरीला अडतात. उचलताना ब्रेक लावलेले, चाकांवर जिना उतरवताना ब्रेक सोडलेले.

उतरवताना माणसाचं तोंड खाली जायच्या दिशेला, खुर्ची मागे कलती करून मोठ्या चाकांवर तोललेली, जास्त ताकदीचा माणूस मागे हँडलवर, दुसरा पुढे फ्रेमला धरून, आणि एकेक पायरी, मागच्याने आकडे म्हणायचे. घाई करायची नाही. तिसरा माणूस असला तर त्याने वाट मोकळी करायची आणि यांची पाठ वाचवायची. त्यांच्या केंद्राचा जिना आहे त्यावर हे आम्ही चार वेळा केलं, आणि चौथ्या वेळेला मी मांडीवर पाण्याची बाटली झाकण उघडं ठेवून घेतली होती, एक थेंब सांडला नाही.

खुर्चीशिवाय न्यायचं तर कसं, ते नंतर. दोघांनी एकमेकांची मनगटं धरून बैठक करायची, माणसाचे हात त्यांच्या खांद्यावर, आणि मला पाठ धरता येत नाही म्हणून तिसरा मागून. इथे तो तरुण जवान, नवीन भरतीचा असावा, माझ्यासमोर उकिडवा बसला, डोळ्यात बघून म्हणाला, "ताई, कुठे धरू?" मला भरून आलं. अकरा वर्षांत हॉस्पिटलात, एअरपोर्टवर, रेल्वे स्टेशनवर, लग्नाच्या हॉलच्या पायऱ्यांवर मला शेकडो हातांनी उचललंय, हे विचारणारे मोजून पाचसहा निघतील. मी सांगितलं काखेत धरून ओढू नकोस, गुडघ्याच्या खाली हात घाल, पाय एकदम उडतील ते झटके आहेत, मी लाथ मारत नाहीये, दाबून धरू नकोस, थांब, आपोआप शांत होतात. खरंच उडाले. तो थांबला. दहा सेकंदांत शांत झाले आणि मग उचललं.

त्यांच्यातले एक वयस्कर होते, रिटायरमेंटला आलेले, ते निघताना जे म्हणाले ते मी घरी येऊन लिहून ठेवलंय: "आम्हाला बेशुद्ध माणूस कसा आणायचा ते शिकवतात. शुद्धीवर असलेला आणि स्वतःबद्दल सगळं ठाऊक असलेला माणूस कसा आणायचा, हे कुणी सांगितलं नव्हतं."

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे संपादक साहेब. आमच्यातल्या प्रत्येकाला स्वतःच्या अंगाचं मॅन्युअल पाठ असतं. माझं वेगळं, माझ्या मैत्रिणीचं वेगळं. तिला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, तिला संवेदना सगळी आहे पण स्नायूत जोर नाही, काखेत हात घालून उचललं तर खांदा निखळेल, मान मागे पडली तर तिला स्वतःला उचलता येत नाही, रात्री बायपॅप मशीनवर, म्हणजे श्वास घ्यायला मदत करणाऱ्या मशीनवर झोपते म्हणजे लाइट गेली की तिची घड्याळाशी शर्यत. तिची खुर्ची बॅटरीवर चालणारी, शंभर किलोच्या वर, ती जिन्यावरून उचलायची हिंमतच करू नये, माणूस आधी काढायचा आणि खुर्ची नंतर. सपाट जागेवर ढकलायची तर मोटर जवळचा खटका फिरवून न्यूट्रल करावी लागते, नाहीतर चार जणांनी ढकलली तरी जागची हलत नाही, आणि लोक तिला लाथा घालत बसतात. सेरेब्रल पाल्सीचा एखादा मुलगा असेल, त्याला बोलायला वेळ लागतो, शब्द ओढून ताणून येतात, म्हणून त्याला काही कळत नाही असं समजून आईवडिलांशीच बोललं जातं. त्याला सगळं कळतं. त्याला अर्धा मिनिट द्यावा लागतो, आणि आगीत अर्धा मिनिट फार मोठा असतो, म्हणूनच ही ओळख आग लागायच्या आधी व्हायला हवी.

हे मी नवीन काही मागत नाहीये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालाय, त्याचं आठवं कलम कुणीही काढून वाचावं. आपत्तीच्या कामात दिव्यांगांना धरून नियोजन करायचं असं त्यात राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्राधिकरणांना सांगितलंय, आणि जिल्हा प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची, धोका आला की त्यांना कळवायची सोय करायची असं स्पष्ट लिहिलंय. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना पण काढल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर दिव्यांग मोजले गेले होते, त्यात सगळे काही व्हीलचेअरवाले नाहीत हे मान्य, पण तेव्हा कायद्यात प्रकारही कमी धरले होते, आता २१ आहेत. मी एका कार्यालयात माझं नाव त्या नोंदीत टाकायला गेले. तीन टेबलं फिरले. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी खूप आस्थेने विचारलं, "पेन्शनचं आहे का?" म्हटलं नाही, आग लागली तर मी पाचव्या मजल्यावर आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून. त्यांच्याकडे त्यासाठी कागदच नव्हता.

नोंदीबद्दल एक भीती पण सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी त्यामुळेच नाव द्यायला तयार होत नाहीत. एकट्या राहणाऱ्या, चालू न शकणाऱ्या बायकांच्या पत्त्यांची यादी दहा हातांतून फिरली तर काय होईल हे सांगायला नको. ती यादी कंट्रोल रूमच्या बाहेर जाता कामा नये, १०१ किंवा ११२ ला त्या पत्त्यावरून फोन आला तरच स्क्रीनवर दिसावं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तर मुळीच नको.

परदेशातलं एक उदाहरण देते कारण ते मी विसरूच शकत नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ६९ व्या मजल्यावर जॉन अब्रूझो नावाचे अकाउंटंट काम करायचे, मानेखाली लुळे, व्हीलचेअरवर. १९९३ मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाला तेव्हा त्यांना खाली आणायला सहा तास लागले. त्यानंतर इमारतीत जिन्यावरून घसरत उतरणाऱ्या इव्हॅक्युएशन चेअर आणून ठेवल्या. ११ सप्टेंबर २००१ ला त्यांच्या दहा सहकाऱ्यांनी त्यांना त्या खुर्चीत बसवून पाळीपाळीने उतरवलं, दीड तासाच्या आसपास लागला, आणि बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात टॉवर कोसळला. सहा तास लागले असते तर? त्याच टॉवरमध्ये २७ व्या मजल्यावर एड बेया होते, तेही व्हीलचेअरवर, ते मदतीची वाट बघत थांबले, त्यांचा मित्र एब झेलमानोविट्झ त्यांना सोडून गेला नाही, दोघंही गेले. आणि लंडनला जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला त्यात ७२ माणसं गेली, तिथे राहणाऱ्या ३७ दिव्यांगांपैकी १५ गेले. आपल्याकडे आता चाळीस पन्नास मजले उठतायत, ठाण्यात, मुंबईत, इथे हिंजवडी बाणेरला, आणि मी बिल्डरच्या कुठल्याही जाहिरातीत जिन्यावरच्या खुर्चीचा उल्लेख बघितलेला नाही. क्लब हाउसचा असतो.

पुराचं पण तेच. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एकतानगरीत पाणी घुसलं, लोकांना बोटीतून काढलं, लष्कर बोलवावं लागलं. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी आलं नाही पण मी खिडकीत बसून दिवसभर एकच विचार करत होते की मला बोटीत कसं घेतील. नंतर वाचून, विचारून शिकले ते लिहिते. माणसाला खुर्चीत पट्ट्याने बांधून बोटीत ठेवायचं नाही, बोट उलटली तर तो खुर्चीसकट तळाला जाईल. माणूस वेगळा, लाइफ जॅकेट घालून, पाठीला टेकू देऊन तळाशी बसवायचा. खुर्ची घडी करून, तिच्या टोकदार भागांना गोधडी नाहीतर चादर गुंडाळून, म्हणजे रबरी बोटीला भोक पडणार नाही. कुशन आणि औषधांची पिशवी मांडीवर. भिजलेला माणूस लगेच कोरडा करायचा कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांचं अंग स्वतःला गरम ठेवू शकत नाही, पण शेकायला गरम पाण्याची पिशवी पायाशी द्यायची नाही, भाजलं तरी कळत नाही आणि फोड महिनोन्‌महिने भरत नाहीत. एनडीआरएफची पाचवी बटालियन इथे तळेगावजवळ सुदुंबरेला आहे, २०१९ ला सांगली कोल्हापूरला किती माणसं काढली त्या लोकांनी, त्यांना कष्टांचं वावडं नाही, त्यांच्यासमोर फक्त आम्ही जाऊन बसायला हवं.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ ला मुंबईच्या गोदीत जहाजाचा स्फोट झाला त्यात फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ. सोसायट्या, शाळा, मॉल सगळीकडे मॉक ड्रिल होतात. आमच्याकडे झालं तेव्हा जखमी म्हणून एक धडधाकट पोरगा झोपवला होता, कॉलेजचा, आणि तो खाली येताना सेल्फी काढत होता. पुढच्या सप्ताहात तिथे आम्हाला बोलवा. खरी खुर्ची, खरे झटके, खरी नळी. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे, पाठीच्या कण्याला मार लागलेले सैनिक तिथे राहतात, माणूस न दुखवता कसा उचलायचा हे तिथल्या मदतनिसांना झोपेत विचारलं तरी सांगतील. फायर ब्रिगेड आणि हे सेंटर, दोन्ही एकाच शहरात आहेत आणि रिक्षाने अर्ध्या तासाचं अंतर आहे. मुंबईला हाजी अलीचं पुनर्वसन हॉस्पिटल १९५५ पासून आहे. नागपूरला तर देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयच आहे, तिथल्या कोर्समध्ये एक दिवस आमचा असावा, शिकवायला आम्ही असावं.

पैशाचा प्रश्न येईल. स्थानिक संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. त्यातून प्रत्येक अग्निशमन केंद्राला एक इव्हॅक्युएशन चेअर घेता येईल, एकट्या माणसाला जिन्यावरून दुसऱ्याला उतरवता येतं तिच्यावर. आणि सोसायट्यांना आगीच्या यंत्रणेचा दाखला वर्षातून दोनदा द्यावाच लागतो, जानेवारी आणि जुलैला, २००६ च्या राज्याच्या कायद्याने. तो तपासायला माणूस येतो तेव्हा नळ्या सिलिंडर बघतो तसं त्याने रेफ्युज एरिया, म्हणजे आगीत थांबायला उंच इमारतीत राखून ठेवलेली जागा, पण उघडून बघावा, आमच्या पलीकडच्या टॉवरमध्ये तिथे जुने सोफे आणि सायकली भरून कुलूप आहे. आमच्यासारख्यांना धुरात तिथेच थांबायचंय ना.

आमचीही बाजू आहे, ती पण लिहिते. आम्ही लोक संकोचाने शेजाऱ्यांना काही सांगत नाही. मी सांगितलं नसतं तर वहिनींना कळलं नसतं. आता मी काय केलंय, गादीवाल्याकडून जाड कॅनव्हासची झोळी शिवून घेतली, सहा बाजूंना निवारीचे पट्टे, डोंगरातल्या पाड्यांवर आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात ना तीच आयडिया, फक्त मला मध्ये बसतं ठेवता येईल अशी. आमच्या मजल्यावरच्या आणि खालच्या चौघांनी एका रविवारी मला तिच्यातून दोन मजले उतरवून बघितलं, पहिल्यांदा माझं बूड पायरीला घासलं म्हणून पट्टे आखूड केले. दाराच्या मागे मला कसं न्यायचं त्याचा एक कागद लॅमिनेट करून लावलाय, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत. झोळी तिथेच खुंटीला आहे, निळी, अंधारात दिसावी म्हणून काठाला चमकणारी पट्टी. शेजारी छोटी पिशवी, त्यात कुशनचं जुनं कव्हर, नळी, दोन दिवसांच्या गोळ्या.

आणि आईकडून फोन पाठ करून घेतलाय. ती ७४ वर्षांची आहे, त्या रात्री तिने १०१ ला "लवकर या हो, माझी मुलगी वर आहे" एवढंच सांगितलं होतं, त्यावरून कुणाला काय समजणार. आता रोज संध्याकाळी दिवा लावला की ती एकदा म्हणून दाखवते, मी सांगितलेलं नाही तरी म्हणते: पत्ता, पाचवा मजला, व्हीलचेअर, छातीखाली संवेदना नाही, चार माणसं पाठवा, झोळी दाराच्या मागे आहे, खांद्यावर घेऊ नका, आडवं झोपवू नका, ती सांगेल तसं धरा.

आपली,
एक वाचक
सिंहगड रोड, पुणे